मुलींच्या बाथरूमला कुलूप कशासाठी?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांच्या शिक्षकखोलीत एका मतावर सहसा वाद होत नाही. आठवी-नववीच्या मुली मधल्या सुट्टीत, कधी तास चालू असतानाही, घोळक्यानं बाथरूममध्ये जातात, आरशासमोर काजळ-लिपस्टिक लावतात, केस पुन्हा पुन्हा विंचरतात, कुणाबद्दल तरी कुजबुजतात आणि घंटा झाल्यावर उशिरा वर्गात येतात. हे वेळीच मोडून काढलं नाही तर मुली हाताबाहेर जातील, असं ते मत. त्यावरचे उपायही ठरून गेले आहेत. आरसा काढून टाकायचा. तासाच्या वेळी कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवायची. दाराशी मावशींना बसवायचं. दप्तरं तपासायची आणि सापडलेली लिपस्टिक प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उंच धरून दाखवायची. मुलीला तिथल्या तिथे ओठ पुसायला लावायचे. एवढ्यानं भागलं नाही तर वडिलांना बोलावून घ्यायचं.

हे मत बाळगणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना मुलींची खरी काळजी आहे, आणि पालकसभेत या उपायांना सर्वांत मोठा पाठिंबा आयाच देतात. तरीही हे मत मुळापासून चुकीचं आहे आणि खान्देशात तर ते मुलींच्या जिवावर उठू शकतं, असं मला वाटतं. तसं का वाटतं ते सांगण्याआधी समोरची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडते, कारण दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही अर्थ नसतो.

पहिला मुद्दा समानतेचा. गणवेश असतो तो सगळ्यांनी एकसारखं दिसावं म्हणून. डॉक्टरांची मुलगी आणि कापूस वेचणाऱ्या बाईची मुलगी एका बाकावर बसतात, तिथे महागड्या लिपबामनं आणि नेलपेंटनं पुन्हा दरी पडते. दुसरा मुद्दा लहान मुलींचा. मोठ्या मुली आरसा अडवून उभ्या राहिल्या की पाचवी-सहावीच्या मुली आत जायला धजत नाहीत, परत फिरतात आणि पोटात दुखत असतानाही तास काढतात. तिसरा मुद्दा मोबाइलचा. बाथरूममध्ये लपवून आणलेला फोन निघतो, रील बनतं, त्यात मागे उभी असलेली एखादी मुलगी तिच्या संमतीवाचून येते. चौथा मुद्दा छळाचा. घोळका जमतो तिथे एखादीला वाळीत टाकणंही चालतं, आणि हे शिक्षकांच्या नजरेआड घडतं. पाचवा मुद्दा उघडपणे कमी बोलला जातो, पण सगळ्यांच्या मनात तोच पहिला असतो: नटलेली मुलगी नजरेत भरते, आणि एसटी स्टँडवर टवाळ पोरं उभीच असतात.

यातले दुसरा, तिसरा आणि चौथा हे मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत. लहान मुलीला वाट मिळालीच पाहिजे. स्वच्छतागृहात दुसरीचा फोटो काढणं हा कायद्यानं गुन्हा ठरू शकतो, तिथे शाळेनं कठोरच व्हावं. छळ थांबलाच पाहिजे. माझा वाद आहे तो निदानाशी आणि उपायाशी.

घोळका बाथरूममध्येच का जमतो, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मुलींचा स्वभावच तसा, असं गृहीत धरलेलं असतं. खान्देशातल्या कोणत्याही निमशहरी शाळेची मधली सुट्टी डोळे उघडे ठेवून पाहावी. मैदान मुलांचं असतं. तिथे क्रिकेट चालू असतं आणि चेंडू लागेल म्हणून मुली कडेकडेनं चालतात. सायकल स्टँड मुलांचं. पाण्याच्या टाकीजवळचा ओटा मुलांचा. फाटकाबाहेर बोरं, चिंचा, कुल्फी विकणारा उभा असतो, तिथेही मुलगी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबली की कुणीतरी हटकतं. मुलींना उरतो तो वर्ग, आणि वर्गातही सुट्टीत थांबू नका असा नियम असतो. दार लावून आपसांत बोलता येईल, ओढणी नीट करता येईल, रडू आलं तर रडता येईल, अशी अख्ख्या शाळेत एकच जागा त्यांच्या वाट्याला येते, ती म्हणजे मुलींचं बाथरूम. ओलं, वास मारणारं, अर्ध्या दारांना कडी नसलेलं. अशा ठिकाणी कुणी हौसेनं बसत नाही. दुसरी जागा नाही म्हणून बसतात.

त्यात हिशेबाची एक साधी गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या स्वच्छ विद्यालय मोहिमेचा निकष असा आहे की ४० विद्यार्थ्यांमागे एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या असाव्यात. २०० मुली असतील तर असे पाच संच हवेत. समजा, एखाद्या शाळेत मुलींसाठी तीनच दारं चालू आहेत आणि सुट्टी अर्ध्या तासाची आहे. सलवारीची नाडी, पिना लावलेली ओढणी, कोपऱ्यातल्या पिंपातून आणायचं पाणी हे सगळं धरलं तर एका मुलीला तीन मिनिटं लागणारच. म्हणजे अर्ध्या तासात तीस मुलींचा नंबर लागेल. उरलेल्या १७० मुलींनी काय करायचं? त्या दाराशी ताटकळतात, आणि ताटकळणारी माणसं बोलतात, केस सारखे करतात. ज्याला शिक्षकखोलीत घोळका म्हणतात, त्याचा निम्मा भाग ही रांग असते.

उरलेला निम्मा भाग खरोखरच गप्पांचा असतो, आणि त्या गप्पांची बाजू मला घ्यायची आहे. आपल्या खान्देशानं मुलींच्या एकत्र बसण्याला कधीच वाईट मानलं नव्हतं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई बसायची. महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या मुली एकमेकींच्या घरी जायच्या, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायच्या आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायच्या. त्या गाण्यांत सासूची तक्रार असायची, माहेरची ओढ असायची, थट्टा असायची, आणि मोठी माणसं लक्ष नसल्यासारखी बाजूला असायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाच्या झाडाला झोके बांधले जायचे, सासरी गेलेल्या मुली परत यायच्या आणि दोन दिवस त्यांना कुणी काही म्हणायचं नाही. मुलींना मुलींची सोबत लागते, ती सोबत मोठ्यांच्या नजरेपासून थोडी दूर असावी लागते, हे आपल्या आजीपणजीला ठाऊक होतं आणि त्यासाठी तिनं पंचांगात जागा राखून ठेवली होती. आज गुलाबाईचे, म्हणजेच भुलाबाईचे, महोत्सव मंचावर होतात, स्पर्धा होतात, बक्षिसं दिली जातात; ते चांगलंच आहे. पण रोजच्या संध्याकाळची ती गल्ली राहिलेली नाही. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की घरची भाकरी. मग मुलींची गुलाबाई शाळेच्या बाथरूममध्ये भरते. ती तिथे भरते याचं दुःख मोठ्यांना व्हायला हवं. राग येण्याचं त्यात काय आहे?

आता नटण्याकडे वळते. नटणारी मुलगी अभ्यासातून आणि पुढे चारित्र्यातून ढळते, हा समज इतका रुजला आहे की त्याला पुरावा मागण्याची कुणाला गरज वाटत नाही. मात्र ज्या भागात श्रावणात कानबाई बसते, नारळाला डोळे-नाक रेखून, नथ घालून, दागिने चढवून तिला मखरात बसवतात आणि घरातल्या सगळ्या बायका त्या दिवशी ठेवणीतलं लेवून रोटांचा स्वयंपाक करतात, त्या भागात नटणं हे पापाचं लक्षण कधीपासून झालं? जळगावची ओळखच सुवर्णनगरी अशी आहे. सोनं घ्यायला लोक बाहेरगावांहून इथे येतात, आणि ते सोनं बायकांच्याच अंगावर चढतं. ज्या शाळेत लिपस्टिक जप्त होते, त्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात बाई स्वतः मुलींच्या ओठांना रंग लावतात, गालांवर लाली चढवतात, कारण दिव्यांच्या झोतात चेहरे उठून दिसायला हवेत. म्हणजे रंगाला हरकत नाही. मुलीनं स्वतःच्या मनानं, स्वतःसाठी रंग लावला, याला हरकत आहे. पाहुण्यांसमोर नाचण्यासाठी नटलेली मुलगी चालते, पण मैत्रिणींसमोर हसण्यासाठी नटलेली चालत नाही. या भेदाला शिस्त म्हणता येणार नाही. मुलीच्या चेहऱ्यावर तिचा स्वतःचा हक्क किती, या प्रश्नाचं ते शाळेनं नकळत दिलेलं उत्तर आहे, आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी ते बरोबर वाचते.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला पोटच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून बायकांच्या नव्या चालीरीतींवर, त्यांच्या सैल वागण्यावर टीकेचा भडिमार सुरू झाला. त्याला उत्तर दिलं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८२ साली छापलेलं त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक म्हणजे मराठीतलं खंडन कसं असावं याचा आजही वस्तुपाठ आहे. जळगाव जिल्ह्याची शीव ओलांडली की बुलढाणा. म्हणजे हे उत्तर आपल्या शेजारघरातूनच गेलेलं आहे. ताराबाईंनी विचारलेला प्रश्न सरळ होता: जे दोष बायकांच्या नावावर खपवता, ते पुरुषांत नाहीत काय? तोच प्रश्न शाळेत विचारून पाहावा. नववीतला मुलगा जेल लावून, बाजूचे केस कापून, त्यात रेघ मारून येतो. पीटीचे सर त्याला चार शब्द बोलतात, फार तर केस कापून ये म्हणतात आणि विषय तिथे संपतो. त्याच्या केसांवरून त्याचं चारित्र्य कुणी ठरवत नाही. मुलीच्या ओठांवरून मात्र तिच्या घराण्यापर्यंत बोललं जातं. गणवेशाच्या समानतेचा मुद्दा मांडणाऱ्यांनी आधी ही असमानता मिटवावी. मग नियम खुशाल करावा, तो मलाही मान्य असेल.

सुरक्षिततेचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, आणि जळगावात तो बोलताना आवाज खाली येतो, कारण या शहराला १९९४ आठवतं. त्या वर्षी जळगाव वासनाकांड उघडकीला आलं. शाळा-कॉलेजच्या मुलींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रं काढून, ती दाखवण्याची धमकी देत त्यांचं वर्षानुवर्षं शोषण झाल्याचे आरोप झाले आणि त्यात गावात वजन असलेल्या लोकांची नावं आली. तपासात मीरा बोरवणकर यांच्यासारख्या अधिकारी होत्या. शेकडो मुली बळी पडल्याची चर्चा असताना तक्रार द्यायला पुढे आलेल्या मुली मोजक्याच होत्या. पुढे काही काळ जळगावची मुलगी म्हटलं की सोयरिकीला नकार येई, आणि कितीतरी घरांनी आपल्या मुलींचं बाहेर जाणं, नटणं, मैत्रिणींकडे थांबणं बंद केलं.

या घटनेतून जळगावनं जो धडा घेतला, तो उलटा घेतला. मुली नटल्या, फिरल्या, म्हणून फसल्या, असा अर्थ लावला गेला. पण ती यंत्रणा चालली कशावर? फोटो घरी कळेल या भीतीवर. घरी कळलं तर आपल्यालाच दोष देतील, शाळा बंद करतील, मारतील, ही मुलीची खात्री हेच धमकावणाऱ्यांचं खरं हत्यार होतं. आईजवळ, बाईंजवळ बिनधास्त बोलता आलं असतं तर ती धमकी पहिल्याच दिवशी पोकळ ठरली असती. आणि शाळेत आज आपण काय करतो? लिपस्टिकसारख्या क्षुल्लक गोष्टीसाठी मुलीला शेकडो मुलांसमोर उभं करतो आणि तिला शिकवतो की मोठ्या माणसांच्या हाती आपलं गुपित लागलं तर ते आपल्याला चारचौघांत उघडं पाडतात. ज्या दिवशी खरंच कुणी तिला धमकावेल, त्या दिवशी ती या बाईंकडे कशी येईल?

तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाले, तेही शाळेच्या स्वच्छतागृहात आणि शाळेच्याच सफाई कर्मचाऱ्याकडून झाल्याचा आरोप होता. तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. त्यानंतर राज्य सरकारनं शाळांत सीसीटीव्ही बंधनकारक केले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, मुलांच्या सुरक्षेसाठी समिती नेमली आणि त्या समितीत पुन्हा मीरा बोरवणकर होत्या. मुलग्यांना शिकवा, असं त्या वेळी खंडपीठानं सुनावलं होतं. या प्रकरणात धोका आरशासमोर उभ्या असलेल्या मुलींकडून आलेला नव्हता. शाळेनं कामावर ठेवलेल्या माणसाकडून आला होता. तेव्हा पहारा कुणावर हवा, ते उघड आहे. बाथरूमच्या वाटेवरचा कॅमेरा आत कोण परका शिरतो हे पाहण्यासाठी आहे. तो मुली किती मिनिटं आत राहिल्या हे मोजायला लावला तर ज्या कारणासाठी तो बसवला, त्यालाच हरताळ फासला जातो.

पहारा मुलींवर फिरला की तो कुठवर जातो, हेही आपण पाहिलं आहे. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले. त्यांचे फोटो पडद्यावर दाखवून पाचवी ते दहावीच्या मुलींना पाळी कुणाला आली आहे असं विचारण्यात आलं आणि अनेक मुलींना कपडे उतरवून तपासण्यात आलं. मुख्याध्यापिकेला आणि एका महिला कर्मचाऱ्याला अटक झाली. त्याआधी फेब्रुवारी २०२० मध्ये गुजरातेत भूज इथल्या एका महिला महाविद्यालयाच्या वसतिगृहात ६८ मुलींना असंच तपासलं गेलं होतं. दोन्ही ठिकाणी करणाऱ्या बायकाच होत्या, दोन्ही ठिकाणी कारण शिस्तीचं होतं. दप्तरातली लिपस्टिक शोधण्यापासून इथपर्यंत यायला फार पायऱ्या लागत नाहीत. बाथरूममध्ये मुली काय करतात हे जाणून घेण्याचा शाळेला अमर्याद हक्क आहे, हे एकदा मान्य केलं की पुढचं सगळं त्यातूनच येतं.

पण मला सर्वांत जास्त भीती वाटते ती वडिलांना बोलावण्याची. शहरातल्या सुशिक्षित घरात शाळेची तक्रार आली तर फार तर आठवडाभर फोन बंद होतो. खान्देशातल्या गावाकडच्या घरात तीच तक्रार वेगळ्या भाषेत पोचते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालेलं होतं. धुळे जिल्ह्यात हे प्रमाण सुमारे ४० टक्के होतं; राज्यातल्या सर्वांत वाईट जिल्ह्यांत त्याची गणना झाली. हा आकडा मनात ठेवून त्या तक्रारीचा विचार करावा. ‘तुमची मुलगी बाथरूममध्ये लिपस्टिक लावून बसते, मुलींच्या घोळक्यात असते, जरा लक्ष द्या’, हे वाक्य हेडसरांनी साध्या काळजीनं उच्चारलेलं असतं. साक्री किंवा शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर, चोपड्याच्या एखाद्या खेड्यात, ते वाक्य मुलीचे काका ऐकतात, आजी ऐकते, भाऊ ऐकतो. पोरगी हातची जायच्या आत उजवून टाकू, ही चर्चा त्या घरात आधीपासून दबक्या आवाजात चालूच असते. तिला आता शाळेचा दाखला मिळतो. दिवाळीनंतर ती मुलगी वर्गात दिसत नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात आणि तुळशीच्या लग्नानंतर कुणीतरी सांगतं की तिचं जमलं.

लिपस्टिकची शिक्षा म्हणून लग्न, असा हेतू कुणाचाच नसतो. पण शिक्षा देणाऱ्यानं आपण ती कोणत्या घरात पाठवतो आहोत याचा विचार करायला हवा. राज्य सरकारनं मार्च २०२२ मध्ये प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती नेमायला सांगितलं, त्यामागे मुली शाळेत टिकाव्यात, बालविवाह थांबावेत हाही उद्देश होता. एका हातानं अशी समिती नेमायची आणि दुसऱ्या हातानं मुलगी घरी बसेल अशी तक्रार धाडायची, हे एकाच शाळेत चालू शकत नाही.

कुलपाबद्दल थोडंच सांगते, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मार्च-एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळचा पारा चाळिशीच्या वर चढतो. बाथरूमला जाता येणार नाही हे माहीत असलेली मुलगी पाणी पीत नाही. सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जाते. मग उन्हाची चक्कर, लघवीची जळजळ, संसर्ग. पाळी चालू असलेल्या मुलीनं किल्ली मागायला ऑफिसात जायचं, तिथे क्लार्क आणि दोन सर बसलेले असतात, त्यांनी कशाला म्हणून विचारायचं. ती जात नाही. पाळीच्या चार दिवसांत ती शाळेतच येत नाही. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये तासाच्या वेळी स्वच्छतागृहं बंद ठेवण्याच्या नियमाविरुद्ध अनेक शाळांतल्या मुलामुलींनी आंदोलनं केली. आपल्या मुली आंदोलन करत नाहीत, त्या गैरहजर राहतात. शिक्षण हक्क कायद्यानं मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह असणं बंधनकारक केलं आहे. कुलूपबंद स्वच्छतागृह म्हणजे ते असण्याची फक्त कागदावरची नोंद. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानं मुलांना शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रास देण्यालाही बंदी आहे. प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर ओठ पुसायला लावणं या कलमात बसतं की नाही, हे प्रत्येक मुख्याध्यापकानं स्वतःला विचारावं.

मग शाळेनं काय करावं? गणवेशाचा नियम जरूर असावा. काजळ आणि टिकली चालेल, गडद लिपस्टिक आणि लांब नखं चालणार नाहीत, असा साधा नियम मुलींना विचारून करावा आणि केसांबाबत तेवढाच स्पष्ट नियम मुलांसाठी करावा. मोडला तर त्या मुलीला एकटीला, बाईंनी, हळू आवाजात सांगावं. आरसा काढू नये. उलट तो बाथरूममधून बाहेर आणून व्हरांड्यात भिंतीवर लावावा, मोठा, चार-पाच जणी एका वेळी पाहू शकतील असा. पहाटे भाकरी टाकून, गोठ्याचं आवरून, एसटीच्या गर्दीत उभ्यानं आलेल्या मुलीला वर्गात बसण्याआधी स्वतःकडे एकदा पाहावंसं वाटतं, त्यात गैर काय आहे? आरसा बाहेर आला की आतली वाट लहान मुलींसाठी मोकळी होते, आणि पूर्वपक्षातला दुसरा मुद्दा शिक्षेविनाच सुटतो. मधल्या सुट्टीत एक वर्ग मुलींसाठी उघडा ठेवावा. आठवड्यातून दोन दिवस मैदान फक्त मुलींना द्यावं. पहिले काही आठवडे त्या कडेलाच उभ्या राहतील, पण नंतर खेळतील.

आणि प्रसाधनांबद्दल मुलींशी बोलावंच, मात्र ते विज्ञानाच्या तासाला बोलावं. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं बिघडल्याची बातमी आली होती. त्या तिघी स्थानिक ब्यूटिशियनकडून आणलेली गोरं करणारी क्रीम वापरत होत्या, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीममध्ये पारा असल्याचं निष्पन्न झालं. अकोला आपल्यापासून रेल्वेनं काही तासांवर आहे आणि तसल्या डब्या आपल्या आठवडी बाजारातही विकायला असतात. काही सुरम्या-काजळांत शिसं असतं. डबीवर उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक, घटक लिहिले आहेत का, हे वाचायला रसायनशास्त्राच्या बाईंनी शिकवलं तर त्या मुलीचं जन्माचं भलं होईल. सावळ्या मुलीला गोरं व्हावंसं का वाटतं, स्थळ पाहताना घरात काय बोललं जातं, हेही त्याच तासाला बोलता येईल. जप्त केलेल्या लिपस्टिकमुळे मुलगी फक्त दुसरी लिपस्टिक अधिक नीट लपवायला शिकते.

शिस्त कशी लावावी हे शिकायला खान्देशाला बाहेर जावं लागत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांनी खोल्या आवरल्या नाहीत की ते रागावत नसत. मुलं बाहेर गेली की स्वतः जाऊन त्यांचं सामान नीट लावून ठेवत, खोली झाडून ठेवत. मुलं लाजत आणि सुधारत. त्या छात्रालयात मुलगे होते. मुलींच्या वाट्याला तशी माया शाळेत आली पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे, आणि ती माया व्याख्यानातून दिसणार नाही. बाथरूमचा नळ चालू आहे का, कडी लागते का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, यातून दिसेल.

जूनमध्ये शाळा उघडतील आणि शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठका होतील. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. त्या महिलांना माझी विनंती आहे: मुलींच्या वागण्याचा विषय निघाला की आधी उठा, हेडसरांना बरोबर घ्या आणि मुलींचं बाथरूम पाहून या. दारं मोजा, मुली मोजा, पाणी पाहा, कडी लावून पाहा. सुट्टीत मुली कुठे बसतात ते विचारा. हे सगळं इतिवृत्तात लिहून घ्या, दुरुस्तीची तारीख ठरवा, आणि लिपस्टिकचा विषय त्यानंतरच्या बैठकीला ठेवा.